दगडावरचे अक्षर, काचेवरचे अक्षर

‘डिझायनर पाहिजे. छपाईचे व वेबसाइटचे, दोन्ही काम येणे आवश्यक.’ अशी पाटी हल्ली नांदेड-परभणीच्या बाजारपेठेत दिसतेच, पण तालुक्याच्या गावातल्या दुकानांच्या काचेवरही दिसू लागली आहे. या धंद्यातल्या मंडळींमध्ये त्यावरून सरळ दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, कागदाचे काम वेगळे आणि पडद्याचे वेगळे. कागदावर शाई बसली की बसली. पडद्यावर तेच पान कुणी टेबलावरच्या मोठ्या काचेत पाहतो, कुणी तळहातावरच्या फोनमध्ये. दोन्हीकडे हात घातला की एक ना धड, भाराभर चिंध्या. दुसरा गट म्हणतो, ज्याला अक्षर कळले, मोकळी जागा कळली, त्याला कागद काय आणि काच काय!

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाची कुठली पदवी माझ्याजवळ नाही. पण माझी प्रत्येक ओळ कुणीतरी अक्षरात बसवली तेव्हाच ती माझ्या घराबाहेर पडली. त्यामुळे अक्षर बसवणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे. आणि त्यांचा इतिहास थोडाफार वाचल्यावर माझ्या लक्षात आले की आजचा हा वाद संगणकाने जन्माला घातलेला नाही. मराठी अक्षर पहिल्यांदा दगडावर चढले तेव्हापासून तो चालू आहे.

इतिहासाकडे वळण्याआधी आमच्या गावाबद्दल थोडे. शिरड शहापूर हे औंढा नागनाथ आणि वसमत यांच्यामधले गाव. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे बाहेरची माणसे ते ओळखतात. माझ्या लहानपणी गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली सगळी अक्षरे एकच पेंटर लिहायचा. किराणा दुकानाचा पत्रा, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या मागची ओळ, देवळातल्या देणगीदारांची यादी, उरुसाचा कापडी फलक आणि कबरस्तानातल्या दगडावरचे उर्दू नाव, हे सगळे त्याच्याच हातचे. उर्दू त्याला वाचता यायचे की नाही, याची मला आजही खात्री नाही. वळणे मात्र बरोबर यायची.

मी त्याच्याजवळ तासन्‌तास बसत असे. कापडावर रंग फुटतो म्हणून तो अक्षरे जरा सुटी लिहायचा. पत्र्यावर ऑइलपेंट ओघळतो म्हणून ब्रश कोरडा ठेवायचा. भिंतीवर आधी चुन्याचा हात, मग दोरीला नीळ लावून आखलेली रेघ. आणि प्रत्येक काम अर्ध्यावर आले की तो ब्रश डब्यात टाकून रस्त्याच्या पलीकडे जायचा आणि तिथून पाहायचा. वाचणारा तिथे उभा राहणार होता ना! ट्रकवरची ओळ असेल तर आणखी लांब जायचा. आपण ‘माध्यम’ बदलतो आहोत वगैरे त्याच्या गावीही नव्हते. तो अक्षरांचा माणूस होता आणि अक्षर जिथे मागतील तिथे तो जायचा.

फ्लेक्सचे यंत्र आले आणि दोन-चार वर्षांत ते काम संपले. आमच्या भागातले काही पेंटर संगणकावर बसायला शिकले. बहुतेक शिकले नाहीत. जे शिकले त्यांनी केलेले फ्लेक्स लांबूनही ओळखू येत. त्यांच्या फलकावर नेत्यांचे फोटो थोडे कमी आणि मजकूर वाचता येण्याजोगा असे.

आता मूळ विषयाकडे येतो. मराठी मुद्रणाच्या आरंभी जो माणूस उभा आहे, तो आजच्या जाहिरातीतल्या ‘दोन्ही येणाऱ्या’ माणसाचा आजोबा शोभेल असा होता. गणपत कृष्णाजी पाटील. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली त्यांनी काम पाहिले, आणि मग स्वतःचा शिळाछाप छापखाना काढला. यंत्र स्वतः खटपट करून बनवले, शाईचे प्रयोग स्वतः केले, आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून बाजारात आणले. त्या काळी छापील कागदाला चरबीच्या शाईचा विटाळ मानणारे लोक होते. म्हणून शाईत तूप वापरल्याची आठवण मुद्रणाच्या इतिहासात सांगितली जाते. ग्राहकाच्या मनात काय आहे ते ओळखून शाई बदलणारा हा मुद्रक मला फार जवळचा वाटतो.

शिळाछापात अक्षर लेखणीने लिहिलेलेच असते. लेखनिकाने कागदावर लिहायचे आणि ते दगडावर उतरवून घ्यायचे. म्हणजे छपाई झाली तरी वळण हाताचेच. पण गणपत कृष्णाजी तिथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी धातूचे खिळेही पाडले. शिळाछाप आणि खिळ्यांची छपाई ही दोन अगदी वेगळी शास्त्रे आहेत. एकात आख्खे पान एकसंध असते, दुसऱ्यात पान शेकडो सुट्या तुकड्यांतून जुळवायचे असते. १८६० मध्ये ते वारले. कारागीर, मुद्रक, प्रकाशक असे सगळे एकाच माणसात, आणि तेही शिकवायला कुठली शाळा नसताना.

त्यांच्यानंतरचे मोठे नाव जावजी दादाजी चौधरी यांचे. तेही लहान वयात अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले होते. १८६४ मध्ये त्यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना त्या अक्षरांविषयी वेगळे सांगायला नको. आजही जुन्या पुस्तकांच्या दुकानात एखादी प्रत हाती आली की पान मिटवत नाही.

पण ही अक्षरे जावजींनी कोरलेली नव्हती. ती कोरली राणोजी रावजी आरू यांनी. पंच कोरणे म्हणजे पोलादाच्या बारीक कांडीच्या टोकावर उलटे अक्षर उठवणे. मग तो पंच तांब्यावर ठोकून मातृका करायची, आणि मातृकेत धातू ओतून खिळा. पोलाद कोरताना केसाइतका हात चुकला तर ती चूक त्या अक्षराच्या हजारो खिळ्यांत जाते. हे काम दुसरे दहा धंदे सांभाळून करण्याजोगे नाही. आरूंनी एक काम धरले आणि त्यात ते तळापर्यंत गेले. जावजींनी व्यवहार, कागद, पंडित, मुद्रितशोधन सगळे सांभाळले. गणपत कृष्णाजींनी एकट्याने केले ते निर्णयसागरात दोन मित्रांनी वाटून घेतले, आणि काम आणखी वर गेले.

म्हणजे पहिल्या पन्नास वर्षांतच दोन्ही उत्तरे मिळालेली आहेत. नवी वाट पाडायची असते तेव्हा हरहुन्नरी माणूस लागतो, आणि ती वाट पक्की करायला एकच काम जन्मभर करणारा. मुद्रणाचे इतिहास वाचताना मला एकाची खंत मात्र नेहमी वाटते. छापखान्याच्या मालकाचे नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. अक्षर कोरणाऱ्याचे कुठेच नसते. आरूंचे नाव टिकले, हे भाग्यच म्हणायचे. बाकीचे किती गेले असतील!

यंत्र आणि अक्षर यांच्यातली ओढाताण पुढे वाढत गेली. रोमन लिपीला शंभर-सव्वाशे खाने पुरतात. देवनागरीला जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार धरून शेकडो खिळे लागत. खिळे जुळवणाऱ्याला दोन्ही हात फैलावूनही केस पुरत नसे. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटी केल्या. सावरकरांनी स्वरांची बाराखडी अ-लाच मात्रा लावून लिहावी असे सुचवले, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ‘अि’, ‘अु’ असे छापून ते कितीतरी वर्षे चालवलेही. जुने अंक चाळताना आजच्या वाचकाला तिथे अडखळायला होते. त्यामागे हट्ट होता तसा हिशेबही होता. यंत्राला लिपी झेपत नाही, तर लिपी यंत्राला झेपेल अशी करावी, हा तो हिशेब. बापूराव नाईकांनी १९७१ मध्ये ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा आपला तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सरकारी मुद्रणालयाचा हा संचालक लिपीचाही तेवढाच अभ्यासक होता. यंत्राचा माणूस आणि लिपीचा माणूस एकत्र आल्याशिवाय यातून सुटका नाही, हे अशी माणसे पाहिली की पटते.

इथे मला आमच्या मराठवाड्याची दुसरी बाजू सांगायची आहे. १९४८ पर्यंत आमचा भाग निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू. आमच्या वडीलधाऱ्यांच्या ट्रंकांत मिळणाऱ्या जुन्या उर्दू पुस्तकांत आणि सरकारी कागदांत एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. मराठीत धातूचे खिळे रुळून गेल्यावरही उर्दू मजकूर शिळाछापातच निघत राहिला. कारण नस्तालिक लिपी. ती सरळ रेषेत बसत नाही. शब्द वरून उतरत खाली येतो, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलते. तिचे खिळे पाडण्याचे प्रयत्न झाले, पण वाचकांच्या डोळ्यांना ते रुचले नाहीत.

म्हणून उर्दूत कातिब टिकला. तो पिवळसर कागदावर खास शाईने लिहायचा, आणि ते दगडावर उतरायचे. दगडावर काही चुकलेले आढळले तर ते दुरुस्त करायला आणखी एक कारागीर असायचा, संगसाज. तो दगडावर उलटी अक्षरे लिहायचा. विचार करा, नस्तालिकसारखी लिपी, आणि ती आरशात दिसते तशी उलटी, तीही आधीच्या हाताच्या वळणात वळण मिसळून! याहून मोठे विशेषज्ञान कोणते असेल? ऑफसेट छपाई आली आणि दगड गेला. दगडाबरोबर संगसाज गेला. त्याची कला एका दगडाशी लग्न लावून बसली होती.

कातिब मात्र काही काळ राहिला, कारण ऑफसेटलाही हातचे लिहिलेले पान चालत होते. त्याच्यावर पाळी आली १९८१ नंतर. कराचीचे मिर्झा अहमद जमील हे सुलेखनकाराच्या घरातले, स्वतः चित्रकार आणि मुद्रक, आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. शब्दांचे जोड एकेक करून लिहायचे आणि ते यंत्रात साठवायचे, अशी कल्पना त्यांनी इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीसमोर मांडली. असे अठरा-वीस हजार जोड लिहावे लागले. त्यातून ‘नूरी नस्तालिक’ उभा राहिला. वडील नूर अहमद यांच्या नावावरून ते नाव. पुढे १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेले ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर आले आणि उर्दू वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतल्या कातिबांच्या बैठकी उठल्या.

यातली गंमत आणि दुःख एकाच जागी आहे. कातिबांचे काम ज्याने घालवले तो स्वतः लेखणीच्याच घराण्यातला होता. आणि तो नसता, फक्त इंजिनिअर असते, तर उर्दूला आपली लिपी सोडून अरबी वळणाच्या नस्ख अक्षरांवर समाधान मानावे लागले असते. माणसे गेली, लिपी वाचली. मी या सौद्याला सहज ‘बरे झाले’ म्हणू शकत नाही, पण लिपी गेली असती तर उर्दू कवितेचा चेहराच गेला असता, हेही मला दिसते.

मराठीकडे परत येतो. तिकडे मिर्झा जमील, तसे इकडे र. कृ. जोशी. जन्म १९३६ चा. हेही जे. जे.चेच, तिथल्या उपयोजित कला विभागातले. कितीतरी वर्षे उल्का या जाहिरात संस्थेत कला दिग्दर्शक, नंतर पवईच्या आय. आय. टी.तल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक. आणि मुळात कवी. अक्षरांच्या मांडणीतून, आकारांतून कविता करण्याचे जे प्रयोग मराठीत झाले, त्यांत त्यांचे नाव पुढे आहे. आम्ही कवी शब्दाच्या अर्थाशी आणि नादाशी झटत बसतो. शब्द दिसतो कसा, हे त्यांनी कवितेत आणले.

आयुष्याच्या उत्तरार्धात, साठीच्या आसपास, हा माणूस संगणकाकडे वळला. मुंबईच्या एन. सी. एस. टी.मध्ये, जी पुढे सी-डॅकचा भाग झाली, तिथल्या इंजिनिअरांबरोबर बसून त्यांनी भारतीय लिप्यांचे फॉन्ट तयार केले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० पासून देवनागरीसाठी जो ‘मंगल’ फॉन्ट आला तो त्यांचा. एके काळी देशातल्या कोट्यवधी लोकांनी संगणकावर पहिले देवनागरी अक्षर पाहिले ते याच फॉन्टमध्ये. सरकारी कचेरीत, बँकेत, सायबर कॅफेत. बोरूने लिहिणाऱ्या हाताने त्याच्या वळणाचा शेवटपर्यंत माग ठेवला, पण पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत ते वळण कसे तगेल हे मात्र नव्याने शिकून घेतले. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला, त्यांचे निधन झाले.

‘मंगल’ सुंदर आहे का? माझ्या मते छापील पुस्तकासाठी नाही. त्यात मजकूर लावलेले कवितेचे पुस्तक मला वाचवत नाही. पण तो पुस्तकासाठी केलेलाच नव्हता. लहान आकारात, भुरकट पडद्यावर, घाईत असलेल्या कारकुनाला वाचता यावा, हे त्याचे काम होते. रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहणारा आमचा पेंटर मला इथे आठवतो.

इंग्रजीतही असेच एक उदाहरण आहे. मॅथ्यू कार्टर या इंग्रज माणसाने पन्नासच्या दशकात हॉलंडमधल्या एका जुन्या छापखान्यात पंच कोरायला शिकून घेतले, म्हणजे आपल्या आरूंचीच विद्या. ती विद्या तेव्हाच मरणाला टेकली होती. नंतर त्यांनी लायनोटाइपसाठी फोटो-जुळणीतली देवनागरी केली, आणि १९९६ मध्ये संगणकाच्या पडद्यासाठी ‘व्हर्डाना’ आणि ‘जॉर्जिया’. पोलाद, फिल्म, पडदा, तिन्हीकडे एकच माणूस. पोलाद कोरलेल्या हाताला पडद्यावरचा ठिपका क्षुल्लक वाटला नाही.

मग एकच काम धरणाऱ्यांचे काय? त्यांचीही बाजू मराठीत भक्कम आहे. कमल शेडगे यांचे नाव घेतले की मराठी नाटकांच्या जाहिराती डोळ्यांसमोर येतात. १९३५ ते २०२० हा त्यांचा काळ. टाइम्स समूहात नोकरी, आणि नोकरीबाहेर नाटक-सिनेमांची शीर्षके. नाटकाचे नाव वाचायच्या आधीच ते विनोदी आहे की ऐतिहासिक, हे त्यांच्या अक्षरावरून कळायचे. आम्ही मराठवाड्यात बसून मुंबईची नाटके पाहू शकत नव्हतो. एक दिवस उशिरा येणाऱ्या मुंबईच्या पेपरात त्यांच्या अक्षरातल्या जाहिराती पाहायचो, आणि तेवढ्यावर अर्धे नाटक मनात उभे करायचो. शेडगे पडद्याच्या मागे धावले नाहीत. त्यांना गरजही नव्हती. पण एक लक्षात घ्या, त्यांचे विशेष क्षेत्र ‘छपाई’ नव्हतेच. ते होते अक्षर. म्हणून त्यांची शीर्षके फलकावर चालली, पेपरात चालली, सिनेमाच्या पडद्यावर चालली आणि आज त्यांचे फोटो फोनवर फिरतात तरी शिळी दिसत नाहीत.

आमच्याच गावचा एक मुलगा वसमतला डीटीपीचे काम करतो. मागे त्याने मला विचारले, ‘चाचा, मी पत्रिका-पुस्तकांचंच काम धरू, का वेबसाइटचं शिकू? सगळे म्हणतात दोन्ही कर. पण दोन्हीकडं कच्चा राहीन याचं भेव वाटतं.’ त्याच्या प्रश्नात पोटाचा प्रश्न होता, म्हणून मी लगेच उत्तर दिले नाही. त्याला म्हटले, तुझे काम दाखव.

त्याने एक यादी दाखवली. गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी स्मरणिकेत छापायची होती आणि तीच इंटरनेटवरही टाकायची होती. आमच्या हिंगोलीकडे कऱ्हाळे हे आडनाव घरोघरी. छापील यादीत सगळे कऱ्हाळे व्यवस्थित होते. इंटरनेटवरच्या यादीत मात्र ‘कऱ्हाळे’ शोधले की निम्मीच नावे सापडत. उरलेली डोळ्यांना समोर दिसत होती, पण यंत्राला दिसत नव्हती.

कारण असे, की युनिकोडमध्ये हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, आत दोन वेगळे शब्द. यादी दोघांनी मिळून टाइप केलेली, दोघांच्या सवयी वेगळ्या. कागदावर याने काहीच बिघडत नाही. कागदावर अक्षर दिसले की त्याचे काम संपले. पडद्यावर दिसणे हे अर्धेच काम. त्या आकाराच्या पोटात काय साठवले आहे, यावर ते सापडेल की नाही, अंध वाचकाचे यंत्र ते मोठ्याने वाचू शकेल की नाही, दुसऱ्या फोनवर ते शाबूत उघडेल की नाही, हे सगळे ठरते. कागदाच्या माणसाला ही गोष्ट सुचणार नाही. आणि ज्याने फक्त वेबसाइटचे काम शिकले आहे, त्याला ‘कर्हाळे’ आणि ‘कऱ्हाळे’ यांत फरक आहे हेच कित्येकदा माहीत नसते. रफार टाकून मोकळा होतो बिचारा! आडनाव ज्याचे आहे त्याला विचारा काय वाटते ते. जात प्रमाणपत्रावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरे नाव निघाले की त्याला कचेरीच्या चकरा माराव्या लागतात.

जुन्या फॉन्टांनी तर आणखी गोंधळ करून ठेवला आहे. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, यांनी नव्वदच्या दशकात मराठी छपाईला मोठा हात दिला. छोट्या गावात पुस्तक निघू लागले ते त्यांच्यामुळे. पण प्रत्येकाची आतली कोष्टके निराळी. एकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसती चिन्हांची रांगोळी. वर्तमानपत्रांच्या सुरुवातीच्या वेबसाइट वाचायला प्रत्येकाचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे अनेकांना आठवत असेल. आमच्या भागातल्या कित्येक दुकानांत अजूनही मजकूर दोनदा टाइप होतो, एकदा जुन्या फॉन्टमध्ये छपाईसाठी आणि एकदा युनिकोडमध्ये फोनवर पाठवायला. चुका शिरतात त्या या दुसऱ्या फेरीत. किंवा मग छापील पानाचा फोटोच पाठवून देतात. त्या फोटोत शोधणार काय?

‘ल’ आणि ‘श’ यांची गोष्टही तशीच. मराठी ल पाकळीचा, मराठी श देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही वळणे प्रमाण म्हणून सांगितली आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगितली. तरी आपल्या बहुतेक फोनांवर आजही हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात, कारण फॉन्ट करताना हिंदी वळण आधी धरले जाते. मराठी वळणे त्यात घालता येतात, तशी सोय तंत्रात आहे. पण ती हवी आहेत असे म्हणणारा माणूस त्या टेबलावर बसलेला पाहिजे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या तरुण मंडळींच्या गटाने ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे फॉन्ट केले आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात. छापील पानावरही चालतात आणि फोनवरही.

त्या मुलाला मी शेवटी सांगितले ते असे. आधी वर्षभर मराठी अक्षर शीक. बोरू घे, चौकटी आख, जोडाक्षरे हाताने लिही. शुद्धलेखनाचे पुस्तक जवळ ठेव. सोबत युनिकोड समजून घे, ते काही महिन्यांचे काम आहे. पत्रिका, पुस्तके सोडू नकोस, कारण आज पोट त्यावर आहे. वेबसाइटची आतली यंत्रणा लिहिणारा मित्र धर आणि त्याच्या शेजारी बैस, पण त्याचे सगळे काम स्वतः करायच्या नादी लागू नकोस. जावजींनी पंच कोरले नाहीत आणि आरूंनी पंडितांशी पत्रव्यवहार केला नाही. तो म्हणाला, ‘मग पाटीवर लिहिलंय तसा दोन्ही येणारा मी कधी होणार?’ मी म्हटले, पाटी लावणाऱ्याला एका पगारात दोन माणसे हवी आहेत, तो वेगळा विषय.

त्याने यादीतले सगळे कऱ्हाळे एका रीतीने लिहून काढले. दोन दिवस लागले. आता ते सापडतात.

एक काम मात्र त्यालाही जमलेले नाही, आणि मला माहीत असलेल्या कुणालाही जमलेले नाही. आमच्याकडे निकाहच्या पत्रिकेत वर उर्दू आणि खाली मराठी असते. उर्दू ओळी इनपेजमधून चित्र करून आणतात आणि मराठी मजकुराच्या डोक्यावर चिकटवतात. छापून आल्यावर बरे दिसते. फोनवर ती पत्रिका मोठी करून पाहिली की उर्दू भुरकट होते आणि मराठी तेवढे स्पष्ट राहते. उजवीकडून येणारी ओळ आणि डावीकडून जाणारी ओळ, नस्तालिकचा उतार आणि देवनागरीची शिरोरेघ, दोन्ही खऱ्या अक्षरांत एका पानावर बसवून, तेच पान काचेवरही नीट उघडेल असे करून देणारा माणूस मी गेली काही वर्षे शोधतो आहे. आमच्या पेंटरने ते एका दगडावर करून ठेवले आहे. दगड गावच्या कबरस्तानात आहे.